फुलांच्या पठारावर, सासूबाईंसोबत

गौरी-गणपती आटोपले, मखर माळ्यावर गेलं, समया-ताम्हनं घासून पुसून कपाटात पडली, की घरातल्या बाईला कसं अगदी सुनं सुनं वाटतं ना? अंग आंबलेलं असतं, पण मन मात्र कुठे तरी बाहेर पडू या म्हणत असतं. आणि तिकडे नवरात्राची साफसफाई दाराशी येऊन उभी असतेच! या दोन गडबडींच्या मधे जे पंधरा-वीस दिवस मिळतात, त्यांतले दोन दिवस कसेही करून काढा आणि साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर जाऊन या, हे सांगायला मी आज बसले आहे.

तुम्ही म्हणाल, त्यात नवीन ते काय? कासचे फोटो तर प्रत्येकीच्या मोबाइलवर आहेत. खरं आहे. माझ्याही मोबाइलवर होते. आणि म्हणूनच तिथे पोचल्यावर पहिला अर्धा तास माझी चांगलीच फजिती झाली. तीही सांगते. पण आधी हे जाणं ठरलं कसं ते सांगायला हवं, कारण ठरवलं मी नव्हतंच.

आम्ही राहतो मोहोपाड्याला, रसायनीत. एका अंगाला पाताळगंगा आणि कारखाने, दुसऱ्या अंगाला डोंगरच डोंगर. गच्चीवर कपडे वाळत घालताना प्रबळगड दिसतो, इर्शाळगडाचं टोक दिसतं. तेव्हा डोंगर बघायला पैसे खर्चून साताऱ्याला कशाला जायचं, हा आमच्या ह्यांचा सवाल काही अगदीच चुकीचा नव्हता. त्यातून जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हापासून आमच्या भागात पावसाळ्यात डोंगराकडे कुणी कौतुकाने बघत नाही. रात्री पाऊस वाढला की सगळ्यांची नजर आधी तिकडे जाते.

मी इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. सातवीच्या मुलांना दाखवावेत म्हणून एका संध्याकाळी मी कासचे फोटो काढून बसले होते. सासूबाई शेजारी पावटे सोलत होत्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे दिसेल ते नव्या नवलाईने बघण्याचा त्यांचा तेव्हा सपाटाच चालू होता. माझ्या हातातला मोबाइल त्यांनी ओढून घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर आमचं पठार."

लग्नाला पंधरा वर्षं झाली माझ्या. सासूबाईंचं माहेर म्हणजे 'कोयनेची वसाहत' एवढंच मला ठाऊक होतं. कधी सणावाराला तिथे जाऊन आम्ही देवाला नारळही ठेवला होता. पण वसाहत म्हणजे काही माहेर नव्हे, माहेर त्याच्या आधीचं, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं. आपण तरी कुठे विचारतो? सासूला माहेर असतं, हेच मुळी आपल्या लक्षात राहत नाही.

तर त्यांचं गाव होतं कासच्या पलीकडे, डोंगर उतरून गेलं की, कोयनेच्या खोऱ्यात. १९६० च्या सुमाराला धरणाचं काम जोरात सुरू झालं आणि पाणी चढेल तशी सुमारे शंभर गावं उठली. कुणी सांगली-सोलापूरकडे गेले, कुणी रत्नागिरीत, कुणी ठाण्याकडे आणि कुणी आपल्याकडे. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नाव रायगड नव्हतं, कुलाबा होतं. सासूबाई दहा-अकरा वर्षांच्या असतील. ट्रकमध्ये आधी देव चढवले, मग भांडी, मग माणसं, एवढं त्यांना आठवतं. त्यानंतर त्या तिकडे कधी गेल्या नाहीत. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेला मोठा भूकंप झाला तेव्हा त्यांचे वडील 'आपण सुटलो' असं म्हणाले आणि दोन दिवस जेवले नाहीत. हे सगळं मला त्या संध्याकाळी, पावटे सोलता सोलता, पहिल्यांदाच कळलं.

रात्री मी ह्यांच्याजवळ विषय काढला. ह्यांचं म्हणणं, आईचे गुडघे, चार-साडेचार तासांचा प्रवास, आणि त्यातून पितृपक्ष! पितृपक्षात कुणी सहलीला जातं का? सासूबाई आतून म्हणाल्या, "पितरांकडेच तर जायचंय. जाऊ की!" मग काय बोलणार?

पितृपक्षाचा एक फायदा मात्र मोठा झाला, तो तुम्हालाही सांगून ठेवते. या दिवसांत लोक बाहेर पडायला कचरतात, म्हणून गर्दी त्या मानाने कमी. ह्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मी शाळेतून गुरुवार-शुक्रवारची रजा मागून घेतली आणि मुलीची शाळा बुडवली (शिक्षिकेने हे लिहू नये, पण बुडवली). शनिवारी-रविवारी चुकूनसुद्धा जाऊ नका. पठारावर रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे, आधी संगणकावरून नोंदणी करावी लागते, आणि सुट्टीच्या दिवसांची नोंदणी कधीच भरून गेलेली असते. नोंदणी करायला तुमच्या घरातली कॉलेजातली भाची-पुतणी असेल तर तिला धरा, पाच मिनिटांचं काम आहे.

जायचं कधी? ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. सप्टेंबरचे मधले दोन आठवडे सगळ्यांत चांगले. पण फुलं काही कॅलेंडर लावून बसलेली नसतात. पाऊस लांबला तर तीही लांबतात, आणि आठवड्या-आठवड्याला पठाराचा रंग बदलतो. आधी पांढरा जास्त, मग निळा-गुलाबी, शेवटी शेवटी सोनकीचा पिवळा.

बुधवारी संध्याकाळी निघून आम्ही खोपोलीवरून एक्स्प्रेसवे धरला. पुण्याबाहेरून निघून खंबाटकीचा घाट चढलो आणि रात्री साताऱ्यात माझ्या मावसबहिणीकडे मुक्कामाला. एका दिवसात जाऊन येणारेही आहेत, पण घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर तो अट्टाहास करू नका. सकाळी आठच्या आत पठारावर पोचायचं तर रात्री साताऱ्यातच असलं पाहिजे. गाडी नसेल तर साताऱ्याच्या स्टँडवरून कास-बामणोलीकडे एसटी जाते.

साताऱ्याहून कास पंचवीस-एक किलोमीटर. गाव सोडलं की लगेच यवतेश्वरचा घाट लागतो आणि बघता बघता अख्खं सातारा पायाखाली, अजिंक्यतारा समोरासमोर. पुढे रस्ता डोंगराच्या माथ्यामाथ्यावरून जातो, आणि खरं सांगायचं तर फुलं नसती तरी या रस्त्यासाठी मी पुन्हा जाईन. एका बाजूला खाली उरमोडी धरणाचं पाणी आणि त्याच्या पलीकडे सज्जनगड, दुसऱ्या बाजूला कण्हेरचं पाणी. मधे आपली गाडी, आणि ढग खिडकीतून आत येऊन मुलीच्या कपाळावरचे केस ओले करून जाताहेत! घाटात मळमळणाऱ्यांनी (आमची एक त्यातलीच आहे) निघताना पोटभर दूध पिऊ नये. कोरडी दशमी खावी आणि आल्याची वडी तोंडात ठेवावी.

आम्ही पोचलो तेव्हा धुकं एवढं होतं की दहा हातांवरचं दिसेना. ते उघडलं आणि मी बघतच राहिले. म्हणजे, दिसलं काय, तर हिरवट-तपकिरी माळ, मधे मधे काळे खडक, आणि कुठे कुठे निळसर-गुलाबी झाक. बस! मोबाइलवरचे ते गालिचे कुठे गेले? ह्यांनी माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत, पण पेट्रोलचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता आला. आणि तेवढ्यात मुलगी खाली उकिडवी बसली नि ओरडली, "आई, इथे बघ!"

तर मैत्रिणींनो, यातली मेख अशी आहे की कासची बहुतेक फुलं नखाएवढी असतात. उभं राहून पठार बघितलं तर तुम्हाला रंगाची झाक दिसेल, फूल दिसायचं नाही. त्यासाठी बसायला पाहिजे, अगदी तांदूळ निवडायला बसतो तसं. मग दिसतं की आपण ज्याला गवत समजत होतो त्यात काडी काडीला निळं फूल आहे. ही 'सीतेची आसवं'. त्यांच्यामधून पांढऱ्या बटणांसारखे 'गेंद' डोकी वर काढून उभे. 'कवला' नावाचं पिवळं फूल आहे, त्याच्या पाकळ्यांवर दोन लाल ठिपके. मुलांनी त्याचं नाव मिकी माउस ठेवलंय, आणि एकदा ते ऐकलं की दुसरं काही दिसतच नाही! आणि गुलाबी गालिचा म्हणतात तो तेरड्याचा. आपल्या परसातल्या तेरड्याची ही धाकटी बहीण म्हणा, बुटकी, नाजूक. आपण रायगडात तेरड्याच्याच रोपांची गौर आणतो. पंधरा दिवसांपूर्वी हातात धरून 'गौर आली' म्हणत घरभर फिरवलेला तेरडा इथे मैलभर पसरलेला बघून अंगावर शहारा आला. तेरड्याचा रंग तीन दिवस हे आपण येता-जाता म्हणतो. इथे ते उगाच म्हणत नाहीत असं कळतं, कारण दोन ऊन-पावसांत एखादा गालिचा उतरूनही जातो.

एवढी फुलं इथेच का? मलाही हाच प्रश्न पडला होता, आणि वर्गात मुलं विचारणार हे नक्की, म्हणून नीट समजून घेतलं. कास समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचावर आहे, म्हणजे आपल्या माथेरानच्या दीडपट. वरचा सगळा सडा जांभ्या दगडाचा. कोकणात आपण ज्याच्या चिऱ्यांची घरं बांधतो तोच जांभा. त्याच्यावर माती किती? काही ठिकाणी आंबोळीच्या जाडीची, बस. मोठं झाड रुजायला जागाच नाही. उन्हाळ्यात हा माळ तव्यासारखा तापतो आणि पावसात चार महिने चिंब भिजून राहतो. तेव्हा इथे टिकायचं तर पावसाच्या तीन-चार महिन्यांत उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि निघून जायचं. म्हणून सगळ्यांची एकदमच घाई.

आणि त्या जरा एवढ्या मातीत कस तरी कुठून असणार? खताचं सत्त्व म्हणतो ते नत्र पावसाने धुऊन जातं. मग काही झाडांनी युक्ती केली आहे. 'दवबिंदू' नावाचं रोप आहे, त्याच्या पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब चमकत असतात. दव समजून किडा बसला की चिकटला, आणि पान त्याला सावकाश पचवून टाकतं. आणि ती गरीब दिसणारी सीतेची आसवं? तीही मांसाहारी! त्यांच्या मुळांशी ओल्या मातीत बारीक बारीक पिशव्या असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यात ओढले जातात. मुलीला हे सांगितल्यावर तिने त्या फुलांजवळून पाय असा काही मागे घेतला की विचारू नका.

एका पाणथळ जागी मात्र आम्हाला एक वेगळंच फूल दिसलं. पाण्यातून वर आलेला, इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा. म्हणून नावच 'वायतुरा'. जगात तो सह्याद्रीच्या या भागातल्या उंच सड्यांखेरीज कुठे नाही. १९८२ साली त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं गेलं तेव्हा त्यात सातारा हे नाव गुंफलं. तेव्हा नाव ठेवणाऱ्यांत वनस्पतिशास्त्रज्ञ एस. आर. यादव होते. ज्या वर्षी आपल्यापैकी काहीजणी पाळण्यात होतो त्या वर्षी या फुलाचंही बारसं झालं म्हणायचं!

आणि कारवी. ती मात्र आपली ओळखीची. कर्जत-खालापूरच्या वाड्यांमधून कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली घरं आपण पाहिली आहेत. सात-आठ वर्षांनी एकदा सगळी कारवी एकदम फुलते, बी टाकते आणि मरून जाते. कासवर तिची बुटकी बहीण, 'टोपली कारवी', टोपली पालथी घातल्यासारखी गोल झुडपं करून बसलेली असते. ती फुलायचं वर्ष आम्हाला काही सापडलं नाही.

आता माझी चूक. मुलीचा फोटो काढायचा म्हणून मी तिला म्हटलं, जरा त्या तेरड्यांच्या मधे जा. तिने पाऊल उचललं आणि शिट्टी वाजली. पठारावर देखरेखीला आसपासच्या गावांतलीच माणसं असतात. त्यांतल्या एक ताई धावत आल्या. रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "बाई, तिचं एक पाऊल म्हणजे पुढच्या वर्षीचं बी." सातवीच्या मुलांना पर्यावरणाचा धडा शिकवणारी मी! मान खाली घालून गप्प राहिले. त्या दिवशी तिथे फुलांत लोळून फोटो काढणाऱ्या मुलीही पाहिल्या, कुणी कुणाचा फोटो काढतंय तेही कळेना. मी त्यांना बोलणार होते, पण तोंडच राहिलं नव्हतं.

सासूबाई एवढा वेळ घडीच्या खुर्चीवर बसून होत्या (ही खुर्ची जरूर न्या. गुडघेदुखीच्या माणसाला दर दोनशे पावलांवर ती लागतेच). त्या ताई वळणार तोच त्यांनी विचारलं, "गुरं कुठे गेली गं सगळी? आमच्या वेळी इथे पावसाळाभर गुरं असायची."

ताई थबकल्या. मग दोघींचं जे बोलणं सुरू झालं त्यात आम्ही सगळे विसरले गेलो. कास २०१२ साली पश्चिम घाटाच्या एकोणचाळीस ठिकाणांपैकी एक म्हणून जागतिक वारसा जाहीर झालं. गर्दी वाढली, फुलं तुडवली जाऊ लागली, म्हणून कुंपण घातलं गेलं. माणसांबरोबर गुरंही बाहेर राहिली. आणि काही वर्षांनी लोकांच्या लक्षात आलं की फुलं कमी दिसताहेत, गवत मात्र वाढतंय. गुरं उंच गवत खात होती, त्यामुळे बुटक्या फुलझाडांना ऊन मिळत होतं, शेणाने थोडा कसही येत होता. अभ्यासकांमध्ये यावर अजून वाद आहे, किती गुरं सोडावीत, कुठल्या महिन्यात सोडावीत. माझी त्यात बोलायची योग्यता नाही. पण सासूबाई म्हणाल्या, "राखायचं म्हणजे कडी लावून घ्यायची होय?" आणि ताई जोरात हसल्या.

मग सासूबाई सांगायला लागल्या. खालून, खोऱ्यातून, त्यांचे वडील साताऱ्याच्या बाजाराला पहाटे चालत निघायचे ते याच माळावरून. पावसात डोक्यावर इरलं. एकदा त्याही हट्टाने बरोबर आल्या होत्या, आणि थकल्या तेव्हा वडिलांनी त्यांना इथेच कुठे तरी खडकावर बसवून भाकरी दिली होती. फुलं होती का तेव्हा, मी विचारलं. "असतील की. फुलांकडे कोण बघतंय? पाय दुखत होते."

पठार बघून झाल्यावर बहुतेक लोक परत फिरतात. तुम्ही फिरू नका. थोडं पुढे कासचा तलाव आहे, भोवती दाट झाडी. ब्रिटिशांच्या काळापासून सातारा शहराला याचं पाणी जातं. चालण्याची ताकद असेल तर जुन्या राजमार्गाने कुमुदिनी तळ्याकडे जा, पाण्यावर पांढरी नाजूक कुमुदिनी पसरलेली असते. आम्ही ते सोडलं आणि बामणोलीचा रस्ता धरला. हा रस्ता उतरायला लागतो आणि एका वळणावर झाडी बाजूला होते. खाली दूरवर, डोंगरांच्या बोटांबोटांमधून शिरलेलं पाणी दिसतं. तोच शिवसागर, कोयना धरणाचा जलाशय. तिकडे हेळवाकपाशी भिंत घातली आणि पाणी इथे वर तापोळ्यापर्यंत आलं.

ह्यांनी गाडी बाजूला घेतली. सासूबाई उतरल्या. मी हात धरायला गेले तर नको म्हणाल्या. नऊवारीचा काष्टा घट्ट, पायात रबरी चपला, त्या कठड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ त्या डोंगर ओळखत होत्या. पाण्याकडे बघतच नव्हत्या. बोटाने हवेत काही तरी मोजल्यासारखं करायच्या, हा असा, मग तो तसा, मग मधली खिंड. "डोंगर आहेत ना अजून, मग सापडेल," एवढंच म्हणाल्या. आणि मग एका पाण्याच्या फाट्याकडे बोट दाखवून ह्यांना म्हणाल्या, "तिथं खाली तुझ्या आजोबांचं घर. पुढे ओढा. ओढ्यापलीकडे देऊळ."

आमचे हे चव्वेचाळीस वर्षांचे आहेत. कारखान्यात त्यांच्या हाताखाली वीस माणसं आहेत. पितृपक्षात दरवर्षी न चुकता वाडी दाखवतात, कावळ्याला हाक मारतात. ते त्या पाण्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "मला कधी सांगितलं नाहीस." सासूबाई म्हणाल्या, "काय दाखवणार होते? पाणी?"

आम्ही तिथे गाडीच्या बॉनेटवर डबे उघडले. सासूबाईंनी त्यांच्या दशमीतला पहिला तुकडा कठड्यावर ठेवला. कावळा काही आला नाही, एक धीट साळुंकी मात्र आली. त्यांनी ती चालवून घेतली.

डब्याचं विचाराल तर, मेथी किंवा दुधीची दशमी दुधात भिजवून केली तर दोन दिवस मऊ राहते. कणकेत तेलाचं मोहन जरा सढळ हाताने घाला. सोबत दाण्याची चटणी, लिंबाचं गोड लोणचं आणि लहान मुलांना दहीभात. वरती खायला फारसं काही मिळेल या भरवशावर राहू नका, आणि मिळालंच तरी कागद-प्लॅस्टिक मागे टाकून येऊ नका. पाणी स्टीलच्या बाटल्यांतून न्या. वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही, रेनकोट हवा. चपलेचा तळ रबराचा, कारण ओला जांभा शेवाळलेल्या न्हाणीघरापेक्षा घसरडा असतो. मोज्यांचा एक जास्तीचा जोड, आणि एक लहान भिंग. भिंगाने दवबिंदूचं पान बघताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. आणि जे कुणी छापत नाही ते मी सांगते: साताऱ्यातून निघताना आणि पठाराच्या प्रवेशद्वाराशी सोय आहे तिथे, दोन्हीकडे जाऊन या, इच्छा नसली तरी. आपण बायका 'नंतर बघू' म्हणून पाणी पिणंच टाळतो आणि मग डोकं धरून बसतो.

बामणोलीला खाली उतरून पाण्याकाठी जायचं का, असं ह्यांनी विचारलं होतं. तिथून नावा मिळतात, वासोट्याकडे जाणारे तिथूनच जातात. सासूबाई नको म्हणाल्या. परत येताना त्या गाडीत मागच्या सीटवर मुलीला मांडीवर घेऊन झोपून गेल्या, त्या खोपोली आल्यावर जाग्या झाल्या.

पण परवा मी उत्तरपत्रिका तपासत बसले होते, तर चहा घेऊन आल्या आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, तुझी परीक्षेची कामं कधी संपतात? वैशाखात पाणी ओसरतं म्हणे. पार खाली जातं, जुनी शेतं, बांध उघडे पडतात. त्या ताईंनी सांगितलं होतं. देवळाचा चौथरा राहिला असेल तर दिसेल. मी म्हटलं, निकाल लागले की लगेच जाऊ. ह्यांनी तेवढ्यात कॅलेंडर उलटून मे महिन्यातल्या दोन गुरुवारांवर खूण केली आहे, आणि मुलीने त्याच्याशेजारी पेन्सिलीने एक इरलं काढून ठेवलंय. फुलं तेव्हा नसतील.